मोतीबिंदूच्या वृद्ध रुग्णाची शस्त्रक्रियापूर्व तपासणीसाठी पाठवणी : सेलू तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

ग्रामीण भागात काम करणाऱ्या वैद्याच्या हातून दररोज ज्या अनेक चिठ्ठ्या लिहिल्या जातात, त्यांत सर्वांत त्रोटक चिठ्ठी बहुधा मोतीबिंदूच्या रुग्णाची असते. ‘मोतीबिंदू, पुढील उपचारासाठी पाठविले आहे’ एवढाच काय तो मजकूर. रोग ओळखावयास सोपा, उपाय एकच आणि तोही दुसऱ्याच्या हातचा. मग पाठविणाऱ्याने अधिक काय लिहावयाचे, अशी यामागील समजूत असते. प्रस्तुत लेखात या समजुतीचा परामर्श घ्यावयाचा आहे. रुग्णाची पाठवणी ही निरोप पोचविण्याची क्रिया नसून ती निदानाचाच एक भाग होय. ती अपुरी झाली तर कुशल शस्त्रवैद्याच्या हातूनही रुग्णाचे समाधान होत नाही आणि ती उशिरा झाली तर प्रसंगी डोळाच गमवावा लागतो. या विधानाची शहानिशा पुढे क्रमाने केली आहे.

विवेचनासाठी वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे. नागपूर-वर्धा मार्गावर, वर्ध्यापासून वीस किलोमीटरच्या आत असलेले हे गाव. आसपासचा मुलूख कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा. बोर नदीवरील धरणामुळे काही भाग ओलिताखाली आलेला. सेलू येथे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्धा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय व त्यास जोडलेली, १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, आणि सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी नेत्रविभाग असलेली तीन मोठी रुग्णालये एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर आहेत. म्हणजे येथे प्रश्न रुग्णालयाच्या अभावाचा नाही. डोंगराळ वा दुर्गम तालुक्यात जी सबब खरी ठरते, ती येथे सांगता येणार नाही. तरीही दोन्ही डोळ्यांनी अधू झालेली वृद्ध माणसे या परिसरातील गावांतून आढळतात. रुग्ण आणि रुग्णालय यांमधील हा अखेरचा टप्पा कोठे अडतो, हे पाहण्यास सेलूसारखे ठिकाण म्हणूनच उपयुक्त आहे.

२. प्रश्नाचे स्वरूप

अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ साली सुरू झाला. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूविषयक विशेष प्रकल्प राबविण्यात आला. त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या दीर्घ प्रयत्नानंतरची स्थिती २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. एकतीस जिल्ह्यांत, पन्नास वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची पाहणी त्यात झाली. या वयोगटात अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच होते.

येथवरचे आकडे बहुतेक अभ्यासकांच्या परिचयाचे असतात. मात्र त्याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा तितकाच विचारार्ह आहे. बुबुळावरील अपारदर्शकता हे अंधत्वाचे दुसरे कारण (८.२ टक्के) ठरले, आणि तिसरे कारण होते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेले उपद्रव (७.२ टक्के). काचबिंदूचा क्रमांक (५.५ टक्के) त्याहून खालचा होता. याचा अर्थ असा की, जास्तीत जास्त रुग्णांना शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत नेणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे नाही. कोणता रुग्ण, केव्हा आणि कोणत्या पूर्वतयारीनिशी तेथे पोचतो, यालाही तेवढेच महत्त्व आहे. शस्त्रक्रियेच्या फलिताविषयी जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली जी कसोटी सुचविली तीत ८० टक्क्यांहून अधिक डोळ्यांची दृष्टी नेहमीच्या स्थितीत ६/१८ वा त्याहून चांगली असावी आणि ६/६० पेक्षा कमी दृष्टी राहणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. ही कसोटी वरवर पाहता शस्त्रवैद्याची असली तरी तिचा मोठा भाग पाठविणाऱ्याच्या तपासणीवर अवलंबून राहतो.

३. ‘पिकण्या’ची कल्पना व तिचा इतिहास

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंगास येणारी अपारदर्शकता. बाहुलीच्या मागे असणारे हे भिंग पाणी आणि विशिष्ट प्रथिने यांचे बनलेले असते. त्या प्रथिनांची सुबक मांडणी ढळली की प्रकाश सरळ न जाता विखुरतो. वय हे याचे प्रमुख कारण. मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, डोळ्यास झालेली इजा आणि प्रखर सूर्यप्रकाश ही पूरक कारणे होत. चुलीच्या धुराचा संबंधही अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. भिंग पुन्हा पारदर्शक करणारा थेंब वा काढा आजवर सिद्ध झालेला नाही. एवढे सांगून हा भाग सोडून देता येईल, कारण तो पाठ्यपुस्तकांत सविस्तर सापडतो.

अधिक विचार करावयाचा तो ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ या वाक्याचा. खेड्यात हे वाक्य रुग्ण उच्चारतो, त्याचे नातेवाईक उच्चारतात आणि क्वचित् वैद्यही उच्चारतो. ही केवळ अडाणी समजूत म्हणून झिडकारणे बरोबर नव्हे. तिला शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आधार आहे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या पद्धतीत शलाकेने अपारदर्शक भिंग बाजूस सारावयाचे असे. ते घट्ट झाल्याखेरीज नीट सरत नसे. फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने अठराव्या शतकाच्या मध्यास भिंग बाहेर काढण्याची रीत रूढ केली. त्या रीतीतही कोवळ्या भिंगाचे अवशेष आत राहून दाह होण्याचे भय असे. विसाव्या शतकाच्या आरंभी जालंदर येथे हेन्री स्मिथ याने आवरणासह संपूर्ण भिंग काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने केल्या आणि पुढे अनेक दशके ही आवरणासह भिंग काढण्याची पद्धतच आपल्याकडील नेत्रशिबिरांतून प्रचलित होती. तीत रुग्णास भिंगाऐवजी जाड काचेचा चष्मा लावावा लागे. अशा चष्म्यातून सर्व वस्तू मोठ्या व विकृत दिसत आणि कडेचे दिसेनासे होई. डोळा अगदी निकामी झाल्यावरच असा सौदा परवडत असे. तेव्हा पिकण्याची वाट पाहणे हा त्या काळचा व्यवहार्य सल्ला होता.

परिस्थिती बदलली ती कृत्रिम भिंगामुळे. हॅरल्ड रिडली याने १९४९ साली लंडन येथे असे भिंग प्रथम बसविले. चार्ल्स केलमन याने १९६७ साली ध्वनिलहरींनी भिंग फोडून लहान छेदातून शोषून घेण्याचे तंत्र पुढे आणले. मदुराई येथे १९९२ साली स्वस्त कृत्रिम भिंगांचे उत्पादन सुरू झाले आणि वर उल्लेखिलेल्या प्रकल्पाने भिंगारोपण जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेले. आज शस्त्रक्रियेची वेळ ठरवावयाची ती भिंगाच्या पक्वतेवरून नव्हे, तर रुग्णाच्या गरजेवरून. उलट, अतिपक्व भिंग हे शस्त्रवैद्याच्या दृष्टीने अधिक अवघड असते. जो सल्ला एके काळी शहाणपणाचा होता तोच आज अपायकारक ठरला आहे. मात्र सल्ला देणारी पिढी गावात अजून हयात आहे आणि तिचा अनुभव खरा आहे. पाठविणाऱ्याने हे जाणूनच बोलावयास हवे. ‘तुमचे चूक आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘त्या वेळचे ऑपरेशन निराळे होते’ असे म्हणणे सत्याला धरून आहे आणि ते पटतेही. शस्त्रक्रिया थंडीतच करावी ही समजूतही याच जातीची आहे.

४. पाठविण्यापूर्वीची तपासणी

पाठविणाऱ्याकडे सूक्ष्मदर्शक दीप नसतो. त्याची गरजही नाही. दृष्टिफलक, सुईएवढ्या छिद्राचा पुठ्ठा, चांगली विजेरी आणि शक्य तर साधे नेत्रदर्शक यंत्र एवढ्या सामग्रीवर पुढील प्रश्नांची उत्तरे मिळविता येतात.

पहिला प्रश्न, दृष्टी किती? प्रत्येक डोळ्याची दृष्टी निरनिराळी, सहा मीटर अंतरावरून, असल्यास चष्म्यासह मोजावी. निरक्षर रुग्णासाठी दिशा बदलणाऱ्या ‘ई’ अक्षराचा फलक वापरावा. फलक मुळीच दिसत नसल्यास बोटे किती अंतरावरून मोजता येतात, हाताची हालचाल कळते काय, प्रकाश कळतो काय, या क्रमाने पुढे जावे. नंतर छिद्रातून पाहावयास सांगावे. छिद्रातून दृष्टी पुष्कळ सुधारली तर दोषाचा मोठा वाटा चष्म्याच्या नंबराचा असू शकतो. भिंगाचा गाभा कठीण होत असताना डोळा लघुदृष्टीकडे झुकतो. त्यामुळे ‘म्हातारपणी चष्म्याविना वाचता येऊ लागले’ असे रुग्ण कौतुकाने सांगतो. ते मोतीबिंदूचेच एक प्रारंभिक लक्षण होय. याउलट, भिंगाच्या मागील थरात अपारदर्शकता असली तर फलकावरील दृष्टी बरी असूनही भर उन्हात रुग्ण आंधळ्यासारखा होतो, कारण उन्हात बाहुली आकुंचन पावते. संध्याकाळी ठीक दिसते आणि कापूस वेचताना दुपारी बोंड दिसत नाही, ही तक्रार करणाऱ्या स्त्रीची दृष्टी सावलीतील फलकावर मोजून तिला परत पाठविणे अन्यायाचे होईल.

दुसरा प्रश्न, दृष्टी कमी होण्याचे कारण मोतीबिंदूच आहे काय, आणि एवढेच आहे काय? संपूर्ण तपासणीत हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. येथे बाहुलीची परीक्षा उपयोगी पडते. मंद प्रकाशात विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आळीपाळीने न्यावी. निरोगी दृष्टिचेता असेल तर प्रकाश पडताच बाहुली आकुंचित होते व तशीच राहते. चेतेस वा दृष्टिपटलास मोठी इजा असेल तर प्रकाश पडूनही ती त्या बाजूस विस्फारताना दिसते. भिंग कितीही दाट पांढरे असले तरी केवळ मोतीबिंदूमुळे ही विकृती उत्पन्न होत नाही. तसेच रुग्णाचा दुसरा डोळा झाकून चारी दिशांनी विजेरी दाखवावी व प्रकाश कोठून येतो ते विचारावे. एखाद्या दिशेचा प्रकाश कळत नसेल तर भिंगामागे काही बिघाड असल्याची शंका घ्यावी.

उदाहरणादाखल दोन रुग्णांची कल्पना करू. दोघेही सत्तरीच्या पुढचे, दोघांच्याही उजव्या बाहुलीत पांढरे भिंग, दोघांनाही त्या डोळ्याने केवळ हाताची हालचाल कळते. पहिल्याची बाहुली प्रकाशास तत्पर प्रतिसाद देते आणि चारी दिशांचा प्रकाश त्यास कळतो. दुसऱ्याची बाहुली विस्फारते आणि नाकाकडील प्रकाश त्यास कळत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही डोळे सारखेच. परंतु पहिल्यास शस्त्रक्रियेनंतर उत्तम दृष्टी मिळण्याची आशा आहे. दुसऱ्यास बहुधा जुना काचबिंदू आहे आणि भिंग बदलूनही त्याचे जग फारसे उजळणार नाही. दोघांच्या चिठ्ठ्यांवर ‘मोतीबिंदू’ हा एकच शब्द लिहिला गेला, तर दुसरा रुग्ण पहिल्याइतकीच आशा घेऊन जाईल आणि निराश होऊन गावी परतेल. ‘ऑपरेशन केले आणि डोळा गेला’ ही वार्ता मग पारावर पोचते व पुढील दहा रुग्ण घरी बसतात. वस्तुतः डोळा आधीच गेलेला होता; तो गेला असल्याचे कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

तिसरा प्रश्न, डोळ्यात व आसपास जंतुसंसर्ग आहे काय? डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्याशी असलेल्या अश्रुकोशावर बोटाने हलका दाब द्यावा. तेथून पू वा चिकट द्रव परत आला तर तो उपचार आधी झाला पाहिजे. अन्यथा शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आतील भागात संसर्ग होण्याचा धोका वाढतो. पापण्यांची सूज, आत वळलेल्या पापण्या, बुबुळावरील जुने डाग यांचीही नोंद करावी.

५. ज्या रुग्णास आजच पाठविले पाहिजे

मोतीबिंदू हा सावकाश वाढणारा विकार असल्याने त्याची पाठवणीही सावकाश चालते. यास ठळक अपवाद आहे तो भिंगामुळे उद्भवणाऱ्या काचबिंदूचा. पक्व होताना भिंग पाणी शोषून फुगते व परितारिकेस पुढे ढकलून डोळ्यातील द्रवाचा निचरा बंद करते. किंवा अतिपक्व भिंगातील प्रथिने आवरणातून झिरपून निचऱ्याच्या जाळीत अडकतात. दोन्ही प्रकारांत डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. डोळा लाल होतो, बुबुळ धुरकट दिसते, बाहुली प्रतिसाद देत नाही आणि डोळा व अर्धे डोके असह्य दुखू लागते. पुष्कळदा मळमळ व उलट्या एवढ्या प्रबळ असतात की रुग्णास पित्ताचा वा पोटाचा विकार समजून औषध दिले जाते. आधीच दिसत नसलेल्या डोळ्याची दृष्टी गेली काय, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. या अवस्थेत काही दिवसांचा विलंबही दृष्टिचेतेचा कायमचा नाश करू शकतो.

या संदर्भात आपल्या शेजारच्या एका संशोधनाचा उल्लेख उचित होईल. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००६ ते २००९ या काळात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची नेत्रतपासणी करण्यात आली. ती ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात डोळ्याची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर, म्हणजे अन्यत्र सामान्यतः सांगितली जाते त्याहून काहीशी कमी, आढळली. आखूड डोळ्यात पुढील कक्षा उथळ असण्याचा संभव अधिक, आणि उथळ कक्षेत फुगणाऱ्या भिंगास जागा कमी. या निष्कर्षावरून सेलूच्या प्रत्येक वृद्धास धोका आहे असे म्हणता येणार नाही. परंतु पिकण्याची वाट पाहणे येथे विशेष महाग पडू शकते, एवढे अनुमान काढण्यास हरकत नाही.

लवकर पाठवावयाच्या रुग्णांत आणखी एक वर्ग आहे तो एकाक्ष व्यक्तींचा. ज्याचा एक डोळा पूर्वीच गेला आहे, त्याच्या उरलेल्या डोळ्यावर निर्णय घेताना घाईही नको आणि दिरंगाईही नको. तो अनुभवी शस्त्रवैद्याकडे जावा अशी स्पष्ट सूचना चिठ्ठीत असावी.

६. रुग्णाची सर्वसाधारण प्रकृती

‘म्हातारपणी ऑपरेशन सोसणार नाही’ ही भीती घरच्यांस वाटते आणि तिचे निरसन करणे पाठविणाऱ्याचे काम आहे. ही शस्त्रक्रिया सामान्यतः डोळा तेवढा बधिर करून केली जाते. वय हा तिला अडथळा नाही. अमेरिकेत व कॅनडात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १९,५५७ शस्त्रक्रियांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात सरसकट वैद्यकीय चाचण्या केल्या व दुसऱ्यात केल्या नाहीत. उपद्रवांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. यावरून तपासणी नको असा अर्थ काढावयाचा नाही. रुग्णाचा इतिहास विचारून व त्यास तपासून जे हाती येते ते महत्त्वाचे, चाचण्यांची लांब यादी नव्हे, एवढाच त्याचा मथितार्थ होय. रक्तदाब व रक्तातील साखर मात्र आपल्याकडे अनेकांची प्रथम अशा निमित्तानेच मोजली जाते. ती मोजून नोंदवावी आणि अनियंत्रित असल्यास उपचार सुरू करावा, म्हणजे रुग्णाची खेप वाया जात नाही. मधुमेह्याच्या बाबतीत दृष्टिपटलाच्या तपासणीची स्वतंत्र विनंती करावी.

औषधांची यादी देणे अगत्याचे आहे. मूत्रविसर्जनाच्या त्रासासाठी वृद्ध पुरुषांस दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी परितारिका शिथिल होऊन बाहुली आकुंचन पावते; हे २००५ साली प्रथम वर्णिले गेले. औषध थांबवून हा धोका पूर्णतः टळत नाही, परंतु शस्त्रवैद्यास आधी ठाऊक असेल तर तो तयारी करतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे पाठविणाऱ्याने आपल्या मताने बंद करू नयेत. डोळ्यातील संभाव्य रक्तस्रावापेक्षा हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा धोका बहुधा मोठा असतो.

याखेरीज तीन साध्या गोष्टी चिठ्ठीत क्वचितच आढळतात. रुग्ण अर्धा तास उताणा निजू शकतो काय? त्यास सततचा खोकला वा कंप आहे काय? त्यास ऐकू येते काय? जागेपणी होणाऱ्या शस्त्रक्रियेत ‘हलू नका’ ही सूचना ज्यास ऐकू येत नाही, त्याच्यासाठी निराळी व्यवस्था करावी लागते.

७. चिठ्ठीचा मजकूर

वरील विवेचनाचे सार एका पानात मावते. दोन्ही डोळ्यांची दृष्टी, छिद्रासह व छिद्राविना. दृष्टी किती काळात कमी झाली. बाहुलीची प्रतिक्रिया व प्रकाशाची दिशा. बुबुळ, पापण्या व अश्रुकोश यांची स्थिती. रक्तदाब, साखर, अन्य विकार, चालू औषधे व औषधांची वावडी. पूर्वी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे फलित. उताणे निजणे, खोकला व श्रवण. यांत आणखी एक ओळ घालावी, ती रुग्णाच्या गरजेची. त्यास काय करता येत नाही? शेतात जाणे, चूल पेटविणे, पैसे ओळखणे, रात्री अंगणात जाणे, नातवंडे सांभाळणे, यांपैकी काय थांबले? शस्त्रक्रियेचा निर्णय अखेरीस या ओळीवर घ्यावयाचा असतो. छिद्रातूनही ६/१८ पर्यंत न सुधारणारी दृष्टी ही पाठवणीची सोयीची मर्यादा मानावी. परंतु त्याहून बरी दृष्टी असूनही ज्याचे काम अडले आहे, त्यास केवळ आकड्यासाठी अडवू नये.

पाठवणी ही मूल्यमापनासाठी आहे, शस्त्रक्रियेच्या हमीसाठी नव्हे, हेही रुग्णास सांगितले पाहिजे. रुग्णालयात बाहुली विस्फारून डोळ्याचा मागील भाग पाहतील, दाब मोजतील, बुबुळाची वक्रता व डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा क्रमांक ठरवितील. कदाचित् शस्त्रक्रिया नको असेही सांगतील. औषध घालून बाहुली विस्फारल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून बरोबर सोबती हवाच.

कोणती पद्धत चांगली, असा प्रश्न हल्ली सुशिक्षित नातेवाईक विचारतात. पुणे येथील ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयात परीक्षित गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांवर केलेली तुलना २००५ साली प्रसिद्ध झाली. ध्वनिलहरींची यंत्रपद्धती आणि हाताने करावयाची लहान छेदाची पद्धती यांचे सहा आठवड्यांनंतरचे फलित त्यात पाहिले. चष्म्याविना ६/१८ वा अधिक दृष्टी अनुक्रमे सुमारे ८१ व ७१ टक्के रुग्णांस मिळाली. योग्य चष्म्यासह मात्र दोन्हींत हे प्रमाण ९८.४ टक्के होते. अर्थात् महागड्या यंत्राअभावी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर चष्मा घेण्यास विसरू नये, हा दुसरा बोधही त्यातून मिळतो.

८. सेलूहून वर्ध्यापर्यंतचे अंतर

अठरा-वीस किलोमीटरचे अंतर एस. टी.ने फार तर तासाभराचे. पण वृद्ध स्त्रीच्या बाबतीत ते अंतर निराळ्या मापाने मोजावे लागते. तिला एकटीला जाता येत नाही. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. सोयाबीनची काढणी आणि त्यामागून येणारी कापसाची वेचणी या काळात घरातील कोणी मोकळे नसते. ती स्वतःही ‘माझं आता काय राहिलं आहे’ असे म्हणून गरज लपविते. आणि घरच्या सरावाच्या जागेत ती चाचपडत वावरू शकते, म्हणून तिचे अंधत्व इतरांच्या ध्यानात येत नाही. उपचार सरकारी रुग्णालयात विनामूल्य होतो हे खरे; परंतु खेपांचा खर्च विनामूल्य नसतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा लाभ स्त्रियांपर्यंत पुरुषांच्या मानाने कमी पोचतो, असे देशातील निरनिराळ्या पाहण्यांतून दिसले आहे, त्याचे मूळ येथे आहे.

केवळ गावात तपासणीशिबिर भरविल्याने हा प्रश्न सुटत नाही. तमिळनाडूत झालेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळ्यांची तक्रार असलेल्या प्रौढांपैकी सात टक्क्यांहूनही कमी व्यक्ती शिबिरास आल्याचे आढळले. जो शिबिरास चालत येतो तो तुलनेने डोळस आणि धडधाकट असतो. जो खाटेवर बसून आहे तो नोंदीबाहेर राहतो. म्हणून घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीची यादी ही पाठवणीची खरी सुरुवात होय. साठ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस, एक डोळा झाकून, तीन मीटर व सहा मीटर अंतरावरून बोटे मोजावयास लावणे हे तिला सहज शिकविता येते. यादीतील व्यक्ती ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने तपासाव्यात, वर सांगितल्याप्रमाणे वर्गवारी करावी आणि एकाच दिवशी काही जणांना एकत्र पाठवावे. म्हणजे एका सोबत्यावर दोन-तीन वृद्धांची जबाबदारी घेता येते. शस्त्रक्रिया मात्र पक्क्या शस्त्रक्रियागारातच व्हावी. शाळेच्या वर्गखोलीत वा मंडपात ती करण्याचा काळ मागे पडला आहे आणि तो मागे पडणे योग्यच झाले.

पाठवणी पूर्ण केव्हा झाली म्हणावयाचे? रुग्ण एस. टी.त बसला म्हणजे नव्हे. तो पोचला काय, शस्त्रक्रिया झाली काय, नसल्यास का नाही, आणि महिन्या-दीड महिन्यानंतर त्यास किती दिसते, या चार नोंदी यादीत परत आल्या म्हणजे ती पूर्ण झाली. पहिल्या आठवड्यात डोळा अधिक दुखू लागला, लाल झाला वा दृष्टी घटली तर तो अंतर्भागातील संसर्ग समजून त्याच दिवशी परत पाठवावे. हे रुग्णास, सोबत्यास आणि आशा कार्यकर्तीस, तिघांनाही ठाऊक असले पाहिजे. काही वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागले तर ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात भिंगामागील आवरण गढूळ झालेले असते व ते बहुधा लेसर किरणांनी थोड्या वेळात दूर करता येते. आणि एका डोळ्याने दिसू लागल्यावर दुसऱ्याचा विसर पडतो, तो पडू देऊ नये. अंतराचा अंदाज व पडण्यापासून बचाव यांसाठी दोन्ही डोळ्यांची गरज आहे.

९. समारोप

जागतिक आरोग्य परिषदेने मे २०२१ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची परिणामकारक व्याप्ती २०३० पर्यंत तीस टक्के-अंकांनी वाढविण्याचे उद्दिष्ट मान्य केले. ‘परिणामकारक’ हा शब्द येथे कळीचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांची गणना त्यात पुरत नाही. ज्यांस चांगले दिसू लागले त्यांचीच गणना होते. ही मोजणी रुग्णालयात संपत असली तरी तिचा आरंभ सेलूसारख्या ठिकाणी, विजेरी व दृष्टिफलक हाती घेतलेल्या माणसाजवळ होतो.

पदव्युत्तर अभ्यासकांस या विषयात संशोधनाला पुष्कळ वाव आहे. एका तालुक्यातून वर्षभरात पाठविलेल्या चिठ्ठ्यांत वरीलपैकी किती बाबी नोंदविलेल्या असतात, पाठविलेल्यांपैकी किती पोचतात, न पोचलेल्यांत स्त्रिया किती, आणि भिंगजन्य काचबिंदूने आलेल्यांस पूर्वी कोणी ‘अजून पिकला नाही’ असे सांगितले होते काय, हे प्रश्न खर्चिक साधनांवाचून, केवळ नोंदवह्या व गृहभेटी यांच्या साहाय्याने हाताळता येतील. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत निदान एवढे तरी करता येईल : पुढील वृद्ध रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘मोतीबिंदू’ हा शब्द लिहून लेखणी खाली ठेवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाहुल्यांवर एकदा विजेरी टाकून पाहावी.